बुंदीच्या बापाचा दाखला

वेरिबी, मेलबर्न
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

ती. प्रल्हादमामांस,

दीनानाथचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा शेळीच्या धडकेमुळे वाकत नाही, तेव्हा आठांपैकी सात अंगांचाच धरावा). तुमचा रक्तदाब, मामीची कंबर आणि गॅलरीतला तोंडल्यांचा वेल, तिघांचीही खुशाली कळवावी. फोनच करणार होतो, पण माझा फोन आला की तुम्ही श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवता आणि उर्वीचा आला की शोधून लावता, असं मामीनेच मागे सांगितलं. म्हणून पत्र. तुम्ही पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढलीत, निम्म्या महाराष्ट्रातली जनावरांची प्रदर्शनं तुमच्या सहीने भरली, तेव्हा मी जे सांगणार आहे ते कळेल असा आपल्या नात्यात तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही. आम्ही इथे सगळे सुखरूप आहोत. आजच इथे घड्याळं तासभर पुढे केली, त्यामुळे माझ्या दिवसातला एक तास कोणीतरी नेला आहे आणि उरलेले तेवीस मी चिडण्यात घालवतो आहे.

पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेल्या माणसाचा शेळीशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. उर्वीच्या शाळेच्या मागे छोटंसं शेत आहे. सातवीतल्या ज्या मुलांना हौस असेल त्यांना तिथे एकेक करडू सांभाळायला देतात, आणि शनिवार-रविवार ते घरी आणायचं असतं. फॉर्मवर सही करताना मला वाटलं, बागकामाचा आहे. (मंजिरीचं म्हणणं, मी ऑफिसातले साठ पानी कागद स्वल्पविरामासकट वाचतो आणि घरातले कागद वाचतच नाही. नवऱ्याविषयी असं मत असलेली बायको तुमच्याही घरात आहे, म्हणून तपशिलात जात नाही.) सगळ्या मुलांनी आपापली करडं उचलल्यावर शेवटी एक उरलं होतं, ते उर्वीने घेतलं. पांढरं अंग, त्यावर तपकिरी ठिपके, आणि कान इतके लांब की पाणी पिताना आधी कानच भिजतात. नाव बुंदी. तिची आई शाळेचीच, अँग्लो-न्यूबियन नावाच्या भारी जातीची, बाकदार नाकाची, कागदपत्रांसकट. बाप कोण, ते कोणालाच माहीत नाही. जानेवारीत कोणीतरी फाटक उघडं टाकलं, पलीकडच्या शेतात एक पांढरा बोकड होता, आणि जूनमध्ये बुंदी झाली. शाळेच्या मास्तरांना मी वडिलांची चौकशी केली तर ते म्हणाले, “कुड बी एनीबडी, मेट.” आपल्याकडे इतक्या गंभीर प्रश्नाला इतकं हलकं उत्तर कोणी देणार नाही.

पहिल्या शनिवारी बुंदी आमच्या मागच्या अंगणात चारी पाय रोवून उभी राहिली ती हलेच ना. उर्वीने इंग्रजीत विनवण्या केल्या, मंजिरीने गाजर दाखवलं, मी दावं ओढलं आणि त्याच वेळी गुडघ्याला प्रसाद मिळाला. त्या वेदनेत माझ्या तोंडून आईचं वाक्य निघालं, ते “चल गं माझी बाय, किती अंत पाहशील” असं. आणि मामा, बुंदी चालायला लागली. त्या दिवसापासून आमची उर्वी, जी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला गेली सहा वर्षं “या, व्हॉटेव्हर” असं उत्तर देते, ती बुंदीशी फक्त मराठीत बोलते. “उठ गं”, “थांब गं”, “मान वर”, “लोकांकडे बघ जरा”. रविवारच्या मराठी वर्गाला मी तिला तीन वर्षं ओढून नेलं, फळ्यावरचं एक अक्षर तिने डोक्यात शिरू दिलं नाही (आजही तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तर हे पत्र मी तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर निर्धास्त लिहितो आहे). आणि जे तीन वर्षांत मला जमलं नाही ते एका शेळीने चार महिन्यांत केलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून ऐकतो. परवा ती बुंदीला म्हणाली, “घाबरू नकोस, मी आहे ना.” हे वाक्य मी तिला लहानपणी म्हणायचो. मी भांडी घासत होतो, ती तशीच घासत राहिलो, पण एकच पातेलं तीनदा घासलं.

घरात आणखी एक माणूस आहे. सध्या इथे आपल्या विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला आहे. क्लेटनला म्हणे एकेका खोलीत चार-चार जण पाळीने झोपतात. आमच्या मागच्या खोलीत सांगलीची चित्रलेखा राहते. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, आणि इथे केस कापायला शिकते, कारण सूक्ष्मजीव बघणाऱ्यांपेक्षा केस कापणाऱ्यांची या देशाला जास्त निकड आहे असं सरकारी यादीत लिहिलं आहे. तिला राहण्याचा परवाना मिळायचा तर नऊशे तासांचं काम दाखवावं लागतं. तिने बुंदीचं सगळं अंग मशीनने असं एकसारखं केलं, शाम्पू लावून ड्रायरने असं फुलवलं, की शेजारीण कुंपणावरून स्वतःच्या केसांसाठी वेळ मागायला आली. बुंदीवर घालवलेले हे सतरा तास नऊशेत धरतील का, असं तिने कॉलेजात विचारलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक माणूस असावं असं नियमात स्पष्ट लिहिलेलं नाही, तेव्हा वरिष्ठांना विचारून सांगतो. याला म्हणतात नियम. त्यात निदान हवा खेळायला जागा आहे.

आणि आता आमच्याकडचा नियम ऐका. पंधरा नोव्हेंबरला इथलं वार्षिक कृषी प्रदर्शन आहे. त्यात मुलांसाठी एक स्पर्धा असते. मुलाने आपलं जनावर दाव्याने धरून रिंगणात फिरवायचं, उभं करायचं, परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नीट लक्षात घ्या, गुण जनावराला नसतात, मुलाला असतात. मुलाने जनावर कसं सांभाळलं, त्याला त्याच्याविषयी काय कळतं, एवढंच बघायचं असतं. उर्वीने चार महिने याचाच सराव केला. पाऊस असो, थंडी असो, शाळेच्या आधी अर्धा तास आणि नंतर एक तास. आणि गेल्या सोमवारी शाळेच्या फळ्यावर यादी लागली. बुंदीच्या नावापुढे, अपात्र. नियम सात, पोटनियम ब. जनावराच्या आई आणि वडील या दोघांचीही नोंद एकाच जातीच्या संघटनेच्या नोंदवहीत असावी व दोन्ही दाखल्यांच्या साक्षांकित प्रती अर्जासोबत जोडाव्यात. परीक्षा मुलीची, आणि दाखला मागतात शेळीच्या बापाचा. मामा, माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी माझ्या वडिलांची इतकी चौकशी केली नव्हती.

तुम्ही खात्यातले, तुम्हांला विचारतो. यात न्याय कुठे आहे? ज्या मुलांच्या घरी दोनशे एकर आहेत त्यांच्याकडे दाखलेवाली शेळी आपोआप असते. ज्यांच्याकडे नाही ते स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एखाद्या गोठ्यातून मागून आणतात, दोन दिवस फिरवतात आणि तिचं नावसुद्धा नीट माहीत नसताना रिंगणात उतरतात. तो मुलगा पात्र. आणि जिने करडाला बाटलीने दूध पाजून वाढवलं ती कुंपणाबाहेर. मी वाचनालयात जाऊन या शुद्ध जातीचा इतिहासच काढला. ही अँग्लो-न्यूबियन म्हणजे कोण? शंभरावर वर्षांपूर्वी बोटींवरून इंग्लंडला आपल्याकडच्या आणि आफ्रिकेकडच्या लांब कानांच्या शेळ्या नेल्या, तिथल्या गावठी शेळ्यांशी त्यांचा संकर केला, आणि त्याला दुहेरी नाव देऊन वही उघडली. म्हणजे ज्या नाकाचा इथे एवढा रुबाब ते नाक तुमच्या आवडत्या जमनापारी शेळीचं. मग फरक राहिला काय, तर त्यांचं फाटक शंभर वर्षांपूर्वी उघडं राहिलं आणि बुंदीच्या आईचं यंदा. चित्रलेखा म्हणाली, “दादा, म्हणजे बुंदीला अजून नव्व्याण्णव वर्षं थांबायचंय. मला दोनच. मी गप्प बसते.”

मी प्रदर्शन समितीच्या अध्यक्षीणबाईंना, नॉरीनला, फोन केला. (मी त्या समितीत आहे हे तुम्हांला मागे कळवलंच होतं. चहाबिहाची व्यवस्था बघतो असं समजावं.) नॉरीन सत्तर वर्षांची आहे, एकटीने ऐंशी मेंढ्या सांभाळते आणि सगळ्यांना लव्ह म्हणते. मी तिला सगळा इतिहास ऐकवला, जमनापारीपर्यंत आलो. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “रूल्स आर रूल्स, लव्ह,” आणि मनापासून हसली. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं, पण पत्रात लिहिण्यासारखं नाही. पूर्वी या स्पर्धेची नियमावली म्हणजे तिच्या फ्रिजवर चिकटवलेला एक कागद होता. जनावर स्वच्छ असावं, पिण्याचं पाणी आपापलं आणावं, रडणाऱ्या मुलाला लॉली, म्हणजे गोळी, द्यावी. बास. चाळीस वर्षं यावर प्रदर्शन चाललं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. गेल्या वर्षी एकाएकी चौदा पानी नियमावली तयार करण्यात आली. त्यात व्याख्या घालण्यात आल्या, पोटनियम पाडण्यात आले, परिशिष्टं जोडण्यात आली. ज्या माणसाला या देशात शेळी म्हणजे काय हे माहीत नाही त्याच्या हातात लेखणी दिली की असंच व्हायचं. बरं, समितीनेही ती न वाचता “नो वरीज” म्हणून मंजूर केली. दोष दोघांचा आहे, पण न वाचणाऱ्यांचा जास्त.

उर्वी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान लॉलीचा नियम लागू झाला असता. तिने अर्ज लिहायला घेतला आहे, “टु द पर्सन हू रोट रूल सेव्हन बी” असा. रोज संध्याकाळी जेवताना ती त्यातला नवीन परिच्छेद मला वाचून दाखवते आणि विचारते, “बाबा, इज इट फेअर टु हिम? आय डोन्ट वॉन्ट टु बी मीन.” मी म्हणतो, चांगलं आहे, पण जरा सौम्य कर. कालच्या परिच्छेदात होतं, की तुम्ही कधी कोणा मुलाला गेटवरून परत पाठवलं आहे का, आणि पाठवलं असेल तर त्याच्याकडे बघितलं होतं का. माझ्या घशात पोळी अडकली. मंजिरीने पाणी दिलं, पण पाठीवर थोपटलं नाही.

असो. तुमचा अनुभव मोठा, तेव्हा अशा प्रसंगी खात्यात काय करत, ते सविस्तर कळवावं. मामीला नमस्कार. तोंडल्यांचं लोणचं येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवू नये, विमानतळावर इथले लोक त्याच्याही आईवडिलांची चौकशी करतात.

तुमचा आज्ञाधारक (सध्या नियमांनी पोळलेला) भाचा,
दीनानाथ

ता. क. वर मी नियमावली “तयार करण्यात आली” असं लिहिलं आहे. तुम्ही जन्मभर सरकारी कागद वाचलेत, तेव्हा करणारा जवळपासच असणार हे तुम्ही ताडलं असेलच. ती मी केली. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत ठरलं की आपण स्थानिक लोकांत मिसळलं पाहिजे. मिसळायला मी गेलो, तर यांच्याकडे फ्रिजवरचा तीन ओळींचा कागद. मला धक्का बसला. मामा, या देशात पाय ठेवण्यासाठी मी जन्माच्या, लग्नाच्या, पदवीच्या, पगाराच्या, अगदी देवीच्या लशीच्या दाखल्याच्यासुद्धा साक्षांकित प्रती दिल्या होत्या, प्रत्येकी तीन. या लोकांना साक्षांकित प्रत म्हणजे जीव की प्राण, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला वाटलं, त्यांना आवडेल. मी दोन रविवार बसून त्यांना भेट म्हणून ती नियमावली करून दिली.

ता. क. २. तुम्ही म्हणाल, मग तूच खोडून टाक. नॉरीनही तेच म्हणाली. तीस ऑक्टोबरला बैठक आहे, एका रेघेचं काम आहे. पण ते मला करता येत नाही. तुमच्याच मजल्यावरच्या रेखाताईंचा मुलगा विक्रांत इथे आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहतो. गेल्या वर्षी त्याचा मुलगा ओजस आपली शेळी घेऊन आला होता, लाडू नावाची, तीही अशीच, बापाचा पत्ता नसलेली. अर्जात तो रकाना रिकामा होता. गेटवर हातात यादी लावलेली फळी घेऊन मी उभा होतो. मी त्याला आत सोडलं नाही. नॉरीन म्हणाली, जाऊ दे रे लव्ह, आणि मी तिला म्हणालो, “रूल्स आर रूल्स.” विक्रांतला तर मी तिथेच शिस्तीवर व्याख्यान दिलं. ओजस दावं हातात धरून कुंपणाबाहेर दुपारभर उभा राहिला, त्याला घरी जायचं नव्हतं, बघायचं होतं. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग फळीकडे बघत राहिलो. तेव्हापासून विक्रांत आमच्याकडे फराळाला येत नाही, गणपतीच्या आरतीत पलीकडच्या बाजूला उभा राहतो. आता दुसऱ्याच्या मुलासाठी जो नियम दगडासारखा होता तो माझ्या मुलीसाठी मी एका रेघेत खोडला तर तुम्ही मला काय म्हणाल, ते मला ठाऊक आहे. आणि नाही खोडला तर उर्वी कुंपणाबाहेर. मला झोप नाही.

ता. क. ३. तेव्हा मूळ काम असं. संध्याकाळी तुम्ही आणि रेखाताई बागेत एकाच बाकावर बसता. त्यांच्याकडे सहज म्हणून विषय काढावा, आणि त्यांनी विक्रांतला सहज म्हणून सुचवावं, की दुरुस्तीचा ठराव त्यानेच मांडावा, ओजससाठी म्हणून. मी अनुमोदन देईन. मी सांगितलं असं कळू देऊ नये. उर्वीलाही यातलं काही कळू देऊ नये. ज्याने तो नियम लिहिला त्या माणसाविषयी तिचं मत तयार होत आलं आहे, आणि माझ्याविषयीचं अजून बरं आहे. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतो आहे.

ता. क. ४ (ही मी, उर्वी). आजोबा, बाबा लिफाफा माझ्याकडे देऊन ऑफिसच्या कॉलवर गेले. मला वाचता येतं. चित्रलेखाताईने शिकवलं, बुंदीचे केस कापताना. बाबांना सरप्राईज द्यायचं होतं म्हणून सांगितलं नाही. रूल कोणी लिहिला ते मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. बाबा प्रत्येक पानाच्या खाली त्यांचं नाव लिहितात. दीनानाथ, व्हर्जन थ्री पॉइंट टू. मी रोज जेवताना वाचून दाखवते कारण मला वाटतं आज ते सांगतील. रेखाआजींना काही सांगू नका. माझ्या अर्जावर ओजसने सही केली आहे आणि त्याच्या बाबांनी पण. ते मीटिंगमध्ये प्रपोज करणार आहेत. ओजसची एकच अट आहे. बाबांनी त्याला सॉरी म्हणायचं, पण मराठीत. इंग्लिशमध्ये ते सगळ्यांना म्हणतात, सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीला पण म्हणतात. तुम्ही त्यांना फोन करून सांगाल का? प्लीज मशीन कानात घालून करा, कारण ते पहिल्यांदा हळू बोलतील.